पेन्सिल खाणारी आई, लघवीला लागणाऱ्या मुंग्या आणि न सोसणारा ठेचा: कशाला काय समजायचं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. आई चव्वेचाळीस वर्षांची, काही महिन्यांपासून लेकरांच्या पाटीवरची पेन्सिल गुपचूप खाते. वडील परसात लघवीला बसले की तिथं मुंग्या लागतात आणि त्यांची मान मागून काळी पडलीय. थोरल्या भावाला हल्ली ठेचा तोंडात धरवत नाही. आणि तुमचा स्वतःचा डावा डोळा आठ दिवसांपासून फडफडतोय, नखांवर पांढरे ठिपके आलेत. घरच्यांनी आईला कॅल्शियम कमी ठरवलं, वडिलांना आणि भावाला उष्णता ठरवली आणि विषय मिटला, आणि तुम्ही रात्र-रात्र मोबाईलवर शोधताय ते फक्त डोळ्याचं.

मी फिजिशियन आहे, परभणीकडच्या तालुक्याच्या गावात बरीच वर्षं ओपीडी करतोय, त्या अनुभवावर सांगतो की तुम्हाला ज्याची सगळ्यात जास्त भीती वाटतेय त्यात काही नाही आणि ज्या तीन गोष्टी तुम्ही जाता जाता लिहिल्यात त्या तिन्ही तपासायच्या आहेत, त्यातली भावाची तर या आठवड्यातच.

आपल्याकडं दुखण्याला लई पटकन नाव मिळतं. उष्णता, गॅस, वात, अशक्तपणा, कॅल्शियम कमी, बाहेरचं काहीतरी. एकदा नाव मिळालं की पुढं कुणी विचारत नाही, सब्जा घ्या, ताक घ्या, सलाईन लावा आणि चला. ओपीडीत उशिरा आलेला जवळजवळ प्रत्येक पेशंट आधी यातलं एखादं नाव घेऊनच आलेला असतो. म्हणून मी नाव बाजूला ठेवतो आणि विचारतो, हे आधी कधी होतं का नव्यानंच सुरू झालं, कमी होतंय का वाढत चाललंय, आणि याच्यासोबत आणखी काय काय बदललंय, म्हणजे वजन, भूक, झोप, दम, पाळी, लघवी, संडास. एकटं-दुकटं जुनं लक्षण बहुतेक वेळा निरुपद्रवी निघतं, आणि नवीन, वाढणारं, सोबत दुसरं काही घेऊन आलेलं लक्षण असलं की रक्त काढायचं.

आता आईचं. पाटीवरची पेन्सिल, खडू, भाजकी माती, चुलीची राख, कच्चे तांदूळ, फ्रीजमधला बर्फ, पहिल्या पावसाचा वास आला की माती खावीशी वाटणं, हे सगळं एकाच घरातलं आहे आणि मोठ्या माणसात याचं सगळ्यात मोठं कारण म्हणजे शरीरातलं लोह संपणं. कॅल्शियमशी याचा संबंध जोडतात कारण पेन्सिल पांढरी असते, बाकी काही नाही. लोह कमी झालं की असं का खावंसं वाटतं याचं पक्कं उत्तर अजून विज्ञानाकडं नाही, पण लोह दिलं की ती हाव जाते हे मात्र मी कितीतरी बायकांत बघितलंय, आणि गंमत अशी की हिमोग्लोबिन वर यायच्या आधीच, आठ-पंधरा दिवसांत, बाई स्वतः येऊन सांगते "सायेब, आता तिकडं बघू बी वाटंना".

एक बाई आठवतात, ऊसतोडीवरून परत आलेल्या, तक्रार घेऊन आल्या होत्या पाय दुखण्याची. बोलता बोलता सोबतची सून हळूच म्हणाली, "माय दिवसभर बरफ खायली, शेजारच्याच्या फ्रीजातला आणून खायली." सासूबाई शरमल्या. जिभेला खाच-खळगे नाहीत, काचेसारखी गुळगुळीत, नखं मधून दबलेली, इतकी की नखावर पाण्याचा थेंब टाकला तर तो घरंगळत नाही, तिथंच बसतो. हिमोग्लोबिन 6.2 आलं. पाय दुखायचे, रात्री पाय सारखे हलवावेसे वाटायचे, झोप नाही, जिना चढताना धाप, तोंडाच्या कोपऱ्याला चिरा, केस गळती, सगळं एका लोहानं. त्यांना कुणी तरी महिनोनमहिने कॅल्शियमच्या गोळ्या देत होतं, आणि कॅल्शियम लोहाच्या गोळीसोबत घेतलं तर लोह आत नीट शोषू देत नाही.

हे दुर्मिळ आहे असं समजू नका. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे 2019-21 ची जी फेरी झाली त्यात, महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या बायकांपैकी 54 टक्के ॲनिमिक निघाल्या. गरोदर नसलेल्या बाईचं हिमोग्लोबिन 12 च्या खाली, गरोदर असेल तर 11 च्या खाली आणि पुरुषाचं 13 च्या खाली गेलं की रक्त कमी धरायचं. पण नुसतं हिमोग्लोबिन करून थांबू नका, सोबत फेरिटिन करा, कारण लोहाचं कोठार आधी रिकामं होतं आणि हिमोग्लोबिन नंतर उतरतं, त्यामुळं हिमोग्लोबिन 12 असूनही बाई थकलेली आणि पेन्सिल खाणारी असू शकते.

रक्त कमी सापडलं की पुढचा प्रश्न येतो तो म्हणजे जातंय कुठं. तुमच्या आईच्या वयात पहिला संशय पाळीवर. पाळी सात दिवसांच्या वर चालते का, गाठी पडतात का, दर तासा-दोन तासाला कापड बदलावं लागतं का, हे मुलगा म्हणून तुम्हाला विचारता येणार नाही, बहिणीला किंवा मावशीला विचारायला सांगा, पण विचारायला लावाच. आणि इथं एक गोष्ट कळकळीनं सांगतो, जास्त रक्त जातंय म्हटल्यावर "पिशवी काढून टाका" हे पहिलं उत्तर नसतं. बीड जिल्ह्यात ऊसतोड बायकांच्या पिशव्या किती सर्रास काढल्या गेल्या तो विषय 2019 साली विधिमंडळात गाजला, सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. गोळ्या आहेत, गर्भाशयात बसवायची हार्मोनची कॉपर-टीसारखी साधनं आहेत, थायरॉइड कमी असेल तर नुसत्या थायरॉइडच्या गोळीनं पाळी ताळ्यावर येते. सोनोग्राफी आणि थायरॉइडची तपासणी झाल्याशिवाय ऑपरेशनची तारीख घेऊ नका. मात्र उलटं पण लक्षात ठेवा, पाळी जाऊन वर्ष झालेल्या बाईला परत एक डाग जरी दिसला तरी ती "पाळी परत आली" असं नसतं, ते लगेच तपासायचं, कारण गर्भाशयाच्या कॅन्सरची ती सगळ्यात लवकरची खूण असू शकते आणि त्या टप्प्यावर तो बरा होतो.

आणि लोह कमी असलेला माणूस पुरुष असेल किंवा पाळी गेलेली बाई असेल तर माझा सगळा रोख पोटावर असतो. पुरुषाला पाळी नाही, मग रक्त जातंय कुठून? मूळव्याध असू शकते, वर्षानुवर्षं खाल्लेल्या दुखण्याच्या गोळ्यांनी जठरात पडलेला अल्सर असू शकतो, आणि आतड्याचा कॅन्सर पण असू शकतो. संडास डांबरासारखी काळी आणि चिकट होते का ते विचारायचं. अशा माणसाला लोहाच्या गोळ्या देऊन हिमोग्लोबिन वाढवून घरी पाठवणं म्हणजे अर्धवट काम झालं, दुर्बिणीची तपासणी व्हायला पाहिजे.

गोळी कशी घ्यायची तेही सांगतो कारण निम्म्या गोळ्या इथंच वाया जातात. दिवसाला एक बास होते, जास्त घेऊन जास्त फायदा नाही. शक्यतो रिकाम्या पोटी लिंबूपाण्यासोबत, मळमळलं तर जेवणानंतर, पण चहाच्या आगे-मागे तास-दोन तास नाही. आपल्याकडं भाकरीसोबत, जेवणानंतर, रानात जाताना, कधीही चहा असतो आणि चहा लोहाला अडवतो. संडास काळी होईल, ती गोळीमुळं, घाबरायचं नाही. महिन्याभरात हिमोग्लोबिन एक ते दोन ग्रॅमनं वर यायला पाहिजे, नाही आलं तर एकतर गोळी पोटात जात नाहीये किंवा रक्त अजून जातंय किंवा आजार वेगळाच आहे, थॅलेसेमियाचा (जन्मजात रक्तदोषाचा) गुणधर्म वगैरे. आणि हिमोग्लोबिन नॉर्मल झालं की गोळी बंद करायची नाही, पुढं तीन महिने चालू ठेवायची, कोठार भरायला वेळ लागतो. बीट आणि डाळिंब खा असं सगळे सांगतात, खा, चांगलं आहे, पण लोह त्यात फार थोडं असतं, रंग लाल आहे म्हणून रक्त वाढत नाही. अळीव, डाळी, हिरव्या भाज्या, आणि खात असाल तर कलेजी, यात जास्त आहे.

आता वडील. लघवीला मुंग्या लागतात ही खूण आपल्या लोकांना फार जुनी माहीत आहे, चरकसंहितेत प्रमेहाच्या, म्हणजे मधुमेह ज्यात मोडतो त्या लघवीच्या आजारांच्या, पूर्वलक्षणात मुंग्यांचा उल्लेख आहे. आजच्या भाषेत सांगायचं तर रक्तातली साखर साधारण 180 च्या वर गेली की किडनीला ती सगळी परत ओढून घेता येत नाही आणि ती लघवीत सांडते. म्हणजे मुंग्या लागल्या तर साखर बहुतेक आहेच आणि बऱ्यापैकी वाढलेली आहे. पण मुंग्या लागत नाहीत म्हणून शुगर नाही असं उलटं धरू नका, उपाशीपोटी 140 शुगर असलेल्या माणसाच्या लघवीत काही सापडलं नाही तरी त्याला डायबेटिस असू शकतो. उपाशीपोटी 126 किंवा वर, किंवा तीन महिन्यांची सरासरी म्हणजे एचबीएवनसी 6.5 किंवा वर, ही रेषा आहे, आणि एकदा आलं की परत एकदा करून पक्कं करायचं. अजून एक, वडील आधीपासून शुगरची गोळी घेत असतील आणि तिच्यात डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन असेल तर ती गोळी कामच लघवीतून साखर बाहेर टाकायचं करते, त्यामुळं शुगर कंट्रोलमध्ये असून मुंग्या लागतील. म्हणून डॉक्टरकडं जाताना चालू गोळ्यांची पानं सोबत न्या.

मानेचा काळेपणा मळ नाही. लोक लिंबू चोळतात, घासणीनं घासतात, लेकरांच्या माना सोलून निघालेल्या बघितल्यात मी. मान, काख, जांघ इथली कातडी काळी, जाड, हात लावला की मखमलीसारखी लागते, सोबत मानेवर बारीक बारीक लोंबणारे मस येतात, याचा अर्थ बहुतेक वेळा असा असतो की शरीर इन्सुलिनला जुमानत नाहीये आणि स्वादुपिंड जास्तीचं इन्सुलिन ओततंय. ही खूण शुगर वाढायच्या कितीतरी वर्षं आधी दिसते, म्हणून बारा-तेरा वर्षांच्या लठ्ठ पोराची मान काळी दिसली की मी आईला साबण लिहून देत नाही, वजनाबद्दल बोलतो. पोटाचा घेर उतरला की मान आपोआप उजळते. एक अपवाद, उतारवयात वजन झपाट्यानं घटतंय आणि त्याच वेळी मान-काख अचानक काळी व्हायला लागली तर ते वेगळं, तेव्हा पोटाचा कॅन्सर शोधायला लागतो.

शुगरच्या काही खुणा लोक लाजेनं सांगत नाहीत. पुरुषाच्या जांघेत, लिंगाच्या टोकाला वारंवार खाज, लाली, कातडी मागं सरकेना होणं, बाईला खालच्या भागी सारखी खाज आणि दह्यासारखं पांढरं जाणं. मलम लावून आठ दिवस बरं वाटतं, परत येतं. दोनदा आलं की शुगर तपासा. रात्री तीन-चारदा लघवीला उठणं याचा प्रोस्टेटवर ठपका जातो पण शुगर न बघता प्रोस्टेट ठरवू नका.

आणि वडिलांना एक विचारा, चालता चालता पायातून चप्पल सुटून जाते आणि कळत नाही असं होतं का. हे मी प्रत्येक शुगरच्या पेशंटला विचारतो. तळपायाची संवेदना गेलेली असते, माणूस म्हणतो मला तर काहीच दुखत नाही, आणि तीच तर अडचण आहे. दर वर्षी कोजागिरीला तुळजापूरला अनवाणी चालत जाणारे लोक परत आले की तळव्याला फोड घेऊन येतात, तापल्या डांबरावर पाय भाजला आणि कळलंच नाही, चिघळल्यावर वासानं कळलं. देवीचं करायचं तर करा, मी कुणाला अडवत नाही, पण शुगरवाल्यानं मोजे-बूट घालून चालावं आणि रोज रात्री तळपाय बघावेत, वाकता येत नसेल तर नातवाला बघायला लावावेत.

बधिरपणा फक्त शुगरचाच असतो असं नाही. आपल्या भागात माळकरी, पूर्ण शाकाहारी माणसं भरपूर, त्यात दूधही कमी घेणारी. त्यांच्यात बी-ट्वेल्व्ह जीवनसत्त्व कमी होतं, हाता-पायाला मुंग्या येतात, जीभ लाल होऊन आग करते, बोटांच्या सांध्यांवरची कातडी काळवंडते, विसराळूपणा येतो, आणि एक नक्की ऐकायला मिळतं ते म्हणजे "डोळे मिटून तोंडावर पाणी मारलं की झोक जातो". शुगरची मेटफॉर्मिन आणि ॲसिडिटीची रोज सकाळची गोळी, दोन्ही वर्षानुवर्षं घेतल्यानं बी-ट्वेल्व्ह कमी होऊ शकतं, आणि आपल्याकडं ॲसिडिटीची गोळी लोक चहासारखी घेतात. लवकर दिलं तर पूर्ण भरून येतं, उशीर झाला तर मज्जातंतूचं नुकसान राहून जातं.

अंगावर फिकट किंवा लालसर चट्टा, त्यावर घाम येत नाही, केस गेलेत, सुई टोचली तर तिथं कळत नाही, खाज पण नाही, दुखत पण नाही, तर कुष्ठरोगाची तपासणी करा. तो संपला असं लोकांना वाटतं, संपलेला नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रात औषध फुकट आहे, सहा महिने किंवा वर्षभराचा कोर्स, औषध सुरू झालं की थोड्याच दिवसांत दुसऱ्याला लागण व्हायची राहत नाही, आणि वेळेवर घेतलं तर बोटं वाकडी होत नाहीत. खाजत-दुखत नाही म्हणूनच लोक वर्ष-वर्ष दाखवत नाहीत.

भावाकडं येतो. तुम्ही लिहिलंय की ठेचा सोसत नाही, तोंड आग-आग होतं, घरच्यांनी पोटातली उष्णता म्हणून गुलकंद सुरू केलाय. तुम्ही हे लिहिलं नाही पण मला विचारावंच लागेल, गुटखा, मावा, सुपारी काही चालू आहे का? महाराष्ट्रात गुटख्यावर 2012 पासून बंदी आहे आणि पुडी कुठं मिळते ते शाळकरी पोरांना पण माहीत आहे. सुपारीनं तोंडाच्या आतली मऊ कातडी हळूहळू चिवट होत जाते, गालाच्या आत बोट फिरवलं तर दोरीसारखे पट्टे लागतात, कातडी गुलाबी राहत नाही, पांढुरकी पडते. याची पहिली तक्रार तोंड उघडत नाही ही नसतीच, पहिली तक्रार तिखट झोंबण्याची असते. लहानपणापासून ठेचा-भाकरीवर वाढलेला माणूस जेव्हा म्हणतो की मला आता वरण-भातच बरा वाटतो, तेव्हा मी त्याला तोंड उघडायला लावतो.

घरी बघा. भावाला त्याच्या स्वतःच्या हाताची तीन बोटं, अंगठ्याशेजारचं, मधलं आणि त्याच्या पुढचं, एकावर एक उभी धरून पुढच्या दातांमध्ये घालायला सांगा. निरोगी माणसाची तीन बोटं आरामात जातात. दोनच गेली तर दुखणं सुरू झालेलं आहे, एकच गेलं तर बरंच पुढं गेलेलं आहे. नंतर माणसाला पाणीपुरी तोंडात घालता येत नाही, शिट्टी मारता येत नाही, दात काढायला डेंटिस्टला आत हात घालता येत नाही. हे पट्टे आले की तोंड परत पूर्ण पहिल्यासारखं होत नाही, पण सुपारी थांबली तर पुढं सरकणं थांबू शकतं, व्यायाम आणि इंजेक्शननं थोडं उघडतं, आणि मुख्य म्हणजे याच कातडीवर पुढं कॅन्सर होतो म्हणून दर काही महिन्यांनी बघत राहावं लागतं. तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा, दोन-तीन आठवड्यांत न भरणारा छाला, विनाकारण हललेला दात, कानात कळ मारणं, मानेत न दुखणारी गाठ, यातलं काहीही असलं तर थेट संभाजीनगरला शासकीय कर्करोग रुग्णालयात किंवा घाटीत, म्हणजे तिथल्या सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात, दाखवा, कॅन्सरचे उपचार महात्मा फुले योजनेत बसतात, रेशन कार्ड आणि आधार सोबत ठेवा. आणि हे फक्त पुरुषांचं नाही, मशेरी लावणाऱ्या बायकांची तोंडं कुणी बघतच नाही. सकाळी दात घासायला म्हणून सुरू होते आणि दिवसातून चार-पाचदा होते.

भावाला रागावून काही होणार नाही. तोंड उघडून बघू दे म्हणा, बोटं घालून दाखव म्हणा, त्याचं त्यालाच कळेल.

बाकी काही खुणा पटापट सांगतो, तुमच्या घरात नसल्या तरी भावकीत कुणाला असतील. लघवीला फेस सगळ्यांनाच कधीतरी येतो, पण रोज येतोय, पाणी टाकलं तरी बसत नाही आणि सकाळी डोळ्याखाली सूज दिसते, तर लघवीत प्रोटीन जातंय का बघा आणि क्रिएटिनिन, म्हणजे किडनीची रक्ततपासणी, करा. विशेषतः ज्यांना रानातल्या कामानंतर रोज दुखण्याची गोळी लागते त्यांनी, त्या गोळ्या उन्हाळ्यात पाणी कमी पिणाऱ्याच्या किडनीवर फार वाईट बसतात. लघवी एकदाच लाल झाली, दुखलं नाही, परत आपोआप साफ झाली, माणूस बिडी किंवा तंबाखूवाला, तर खडा म्हणून सोडू नका, सोनोग्राफी करा, मूत्राशयाच्या कॅन्सरला बहुतेक वेळा दुखणं नसतं. पापणीवर नाकाच्या बाजूला पिवळसर मऊ गोळा आला तर कोलेस्टेरॉल तपासा, निम्म्या लोकांत ते नॉर्मल निघेल, निघालं तर चांगलंच. डोळे पिवळे, लघवी गर्द आणि संडास मात्र पांढरी-मातकट, अंगाला खाज, तर पित्ताची नळी कुठंतरी अडलीय, अशा माणसाला कावीळ उतरवायला नेण्यात, चुन्याच्या पाण्यात हात धुण्यात दिवस घालवू नका. काविळीत गरोदर बाई असेल तर एक दिवस पण थांबू नका.

नखांची एक तपासणी मला आवडते. दोन्ही हातांच्या तर्जनी नख-नखाला टेकवून धरा, उजेडाकडं बघा, मुळाशी शंकरपाळ्यासारखी छोटी फट दिसली पाहिजे. फट बुजली असेल आणि बोटांची टोकं फुगून ढोलाच्या काठीसारखी झाली असतील तर छातीचा एक्स-रे करा, फुप्फुसाचं किंवा हृदयाचं काहीतरी जुनं दुखणं असू शकतं. शॅमरॉथ नावाचे दक्षिण आफ्रिकेतले हृदयतज्ज्ञ होते, त्यांना स्वतःला हृदयाच्या झडपेचं इन्फेक्शन झालं तेव्हा स्वतःच्याच बोटांवरून त्यांनी ही खूण टिपली आणि 1976 साली मांडली.

आणि "गॅस". यावर जरा थांबावंच लागेल. चालताना, गाडीला किक मारताना, पाण्याची घागर उचलताना छातीत, गळ्यात, जबड्यात किंवा डाव्या खांद्यात भरून येतं आणि थांबलं की दोन-पाच मिनिटांत जातं, तर तो गॅस नाही, हृदयाला रक्त कमी पडतंय. गॅसला घागरीचं वजन कळत नाही. शुगर असलेल्या माणसाला आणि बायकांना छातीत दुखेलच असं नाही, नुसता दरदरून घाम, मळमळ, एकाएकी गळून जाणं एवढंच होतं. सोडा पिऊन ढेकर आला म्हणजे हृदय ठीक आहे असं नाही. जवळ जिथं ईसीजी आहे तिथं जा, 108 ला फोन करा, आणि पहिला ईसीजी नॉर्मल आला तरी दुखणं चालू असेल तर थोड्या वेळानं परत काढायला सांगा, सुरुवातीला तो नॉर्मल येऊ शकतो. तसंच तोंड वाकडं होणं, एका हातातली ताकद जाणं, बोबडं होणं, हे दहा मिनिटांत बरं झालं तरी झोपून राहायचं नाही, पुढचा मोठा झटका त्याच आठवड्यात येऊ शकतो. लकव्यात गाठ विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आतच देता येतं, आणि आपल्याकडं ते साडेचार तास तेल चोळण्यात आणि कबुतराचं रक्त लावण्यात जातात. सिटी स्कॅन असलेल्या दवाखान्यात थेट न्या.

आता तुमचं. पापणी फडफडणं हे जागरण, चहा, मोबाईल आणि टेन्शन यांचं आहे, तुम्ही रात्र-रात्र जागून तेच शोधताय त्यामुळं ते थांबेना झालंय. डावा-उजवा याला अर्थ नाही. काही दिवसांत जातं, कधीकधी दोन-तीन आठवडे पण राहतं. डोळा पूर्ण घट्ट मिटला जाऊ लागला, किंवा सोबत गाल आणि ओठाचा कोपरा पण ओढला जाऊ लागला, तरच दाखवा. नखावरचे पांढरे ठिपके कॅल्शियमचे नाहीत, नखाच्या मुळाला कधीतरी लागलेला मार आहे, नख वाढेल तसे पुढं सरकून निघून जातील. झोप लागता लागता दचकणं, बोटं मोडल्यावर आवाज येणं, लेकरांच्या गालावरचे फिकट डाग, हे पण याच पंक्तीतले, यासाठी पैसे खर्च करू नका.

खर्चाचं म्हणाल तर हजारो रुपयांचं फुल बॉडी पॅकेज घेऊ नका, त्यात पन्नास आकडे येतात, चार इकडे-तिकडे असतात आणि त्या चारांच्या मागं घर पळत सुटतं. आईचं हिमोग्लोबिन-सीबीसी, फेरिटिन, टीएसएच (थायरॉइडची तपासणी) आणि ओटीपोटाची सोनोग्राफी. वडिलांची उपाशीपोटी आणि जेवणानंतरची शुगर, एचबीएवनसी, क्रिएटिनिन, लघवी, बीपी, आणि तळपायाला संवेदना आहे का ते डॉक्टरला हात लावून बघायला सांगा, बूट-मोजे काढायला लावत नसतील तर स्वतःहून काढा. बऱ्याचशा तपासण्या ग्रामीण किंवा जिल्हा रुग्णालयात फुकट होतात, फेरिटिन बहुतेक बाहेर करावं लागेल.

वडिलांची शुगर 300 च्या वर निघाली आणि सोबत उलट्या, पोटदुखी, जोरजोरात श्वास किंवा गुंगी असेल तर सकाळची वाट न बघता त्याच रात्री ॲडमिट करा. तसं काही नसेल तर दोन दिवसांत फिजिशियनला दाखवलं तरी चालतं, पण तोवर ज्यूस आणि गुळाचा चहा बंद. आईच्या पेन्सिली काढून घेऊन तिला घरात सगळ्यांसमोर बोलू नका, ती लपवायला लागेल. रिपोर्ट आले की आकडे इथंच लिहा, पुढचं सांगतो, भावाची किती बोटं गेली ते मात्र आजच बघा.